थंडीतले वाढते बिल आणि आंघोळीचे गरम पाणी: खर्च नेमका कुठे कमी करता येतो?

मुठाकाठ (पुणे)

नमस्कार. थंडी सुरू झाली की आमचे वीजबिल दरवर्षी चढते. या दिवसांत पंखे बंद असतात आणि बाकीच्या उपकरणांचा वापर वर्षभर साधारण सारखाच राहतो, त्यामुळे ही वाढ जवळजवळ पूर्णपणे आंघोळीच्या पाण्याची असते, हे उघड आहे. यंदा नवे उपकरण घेण्याआधी मुळात किती उष्णता लागते याचा हिशेब मांडून पाहिला. तो इथे देत आहे, म्हणजे जाणकारांना त्यावर बोट ठेवून सांगता येईल.

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवण्यासाठी एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे लिटर गुणिले अंश, भागिले ८६०, एवढे केले की युनिट मिळतात. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतले पाणी २० अंशांच्या आसपास धरले आणि आंघोळीला ४० अंशांचे पाणी पुरते असे मानले, तर २० लिटरच्या बादलीला अर्ध्या युनिटाहून थोडी कमी वीज लागते. घरातल्या चौघांचे मिळून दिवसाला १.८६ युनिट आणि महिन्याला सुमारे ५६ युनिट होतात. यात गीझरच्या टाकीतून निसटणारी उष्णता धरलेली नाही.

या ५६ युनिटांची किंमत काढताना संपूर्ण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेला सरासरी दर वापरणे मला योग्य वाटत नाही. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. दिवे, फ्रिज आणि मिक्सर यांना वीज लागणारच आहे, त्यामुळे गीझर जी भर घालतो ती वरच्या टप्प्यातच पडते. त्या टप्प्यातला वीज आकार, त्यात मिळवलेला वहन आकार, असल्यास इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावरचे १६ टक्के वीज शुल्क हा त्या युनिटाचा खरा दर होय. हिशेबाच्या सोयीसाठी मी तो १२ रुपये धरला आहे, पण प्रत्येकाने तो स्वतःच्या बिलावरूनच काढावा. या दराने आमच्या आंघोळीचे महिन्याला ६७२ रुपये होतात.

आमच्याकडे २५ लिटरचा साठवणीचा गीझर आहे. तो बदलून तात्काळ पाणी तापवणारा छोटा गीझर घ्यावा, गॅसचा घ्यावा, की सोसायटीच्या गच्चीवर सौर संच बसवण्याचा आग्रह धरावा, याविषयी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची मते हवी आहेत.

जुना मीटर (नाशिक)

वीज वितरणाच्या कामात माझी नोकरी गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपले सूत्र बरोबर आहे आणि वरच्या टप्प्याचा दर धरण्याची पद्धतही बरोबर आहे. बहुतेक घरांत हिशेब चुकतो तो याच ठिकाणी.

गीझर बदलण्याआधी आहे तो कसा वापरला जातो ते पाहावे. २५ लिटरच्या टाकीतले पाणी २० वरून ५५ अंशांवर नेण्यासाठी एक युनिट लागते, आणि २००० वॉटच्या एलिमेंटला त्यासाठी अर्धा तास पुरतो. आता घरात सकाळी काय घडते ते पाहा. शेवटची व्यक्ती आंघोळ करत असताना गीझर चालूच असतो, जितके गरम पाणी बाहेर येते तितके थंड पाणी टाकीत शिरते, लाल दिवा पुन्हा लागतो, आणि सगळे कामावर निघून गेल्यानंतर कोणीतरी बटण बंद करेपर्यंत टाकी पुन्हा काठोकाठ गरम झालेली असते. हे एक युनिटभर पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाच्याही उपयोगाला येत नाही.

त्यातले किती वाया जाते हे गीझरच्या लेबलवरून काढता येते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलवर २४ तासांत किती उष्णता निसटते तो आकडा छापलेला असतो, आणि तो आतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवल्यास किती, असा असतो. उदाहरणार्थ तो ०.८ असेल आणि आपल्याकडे फरक ३५ अंशांचा असेल, तर गीझर अहोरात्र चालू ठेवल्यास रोज सुमारे ०.६२ युनिट, म्हणजे महिन्याला १९ युनिट, केवळ पाणी गरम राखण्यात जातील. टाकी पूर्ण तापवून बटण बंद केले तर पाणी जसजसे निवते तसतसा उष्णता निसटण्याचा वेगही मंदावतो, आणि २४ तासांत सुमारे अर्धे युनिट जाते. म्हणजे दिवसभर चालू ठेवणे आणि भरली टाकी तापवून बंद करणे यांत लोक समजतात तितके अंतर नाही. खरी बचत टाकी गरम सोडून न देण्यात आहे. शेवटची व्यक्ती न्हाणीघरात जाण्यापूर्वी बटण बंद करावे आणि टाकीत साठलेल्या गरम पाण्यावर तिची आंघोळ उरकावी. बादलीभर पाण्याला ते सहज पुरते. याला एक पैसाही लागत नाही आणि महिन्याला दहा-बारा युनिट वाचतात.

लेबलवरच्या तारांविषयीही (स्टार रेटिंग) एक गैरसमज दूर करायला हवा. पाच तारांचा गीझर पाणी कमी विजेत तापवतो असे नाही. विजेचे एलिमेंट पाण्यातच बुडालेले असते, त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यालाच मिळते, मग तारा कितीही असोत. तारा सांगतात त्या टाकीच्या आवरणाविषयी, म्हणजे तापलेले पाणी किती वेळ गरम राहील याविषयी. ज्या घरात सकाळी सहापासून दहापर्यंत थांबून थांबून आंघोळी होतात तिथे जास्त तारांचे मोल आहे. जिथे चौघेही तासाभरात आटोपतात तिथे त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

कोणाला हे स्वतः तपासायचे असेल तर मीटरजवळ उभे राहावे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल आणि घरात फक्त २००० वॉटचा गीझर चालू असेल, तर अर्ध्या मिनिटात दिवा सुमारे ५३ वेळा लुकलुकेल. ४५ वेळाच लुकलुकला तर व्होल्टेज कमी आहे असे समजावे, कारण व्होल्टेज उतरले की एलिमेंटची शक्तीही उतरते. त्यामुळे पाणी तापायला वेळ जास्त लागतो, पण युनिट जवळजवळ तेवढेच पडतात. कमी व्होल्टेजमुळे गीझरचे बिल वाढते ही तक्रार मी नोकरीत असताना सतत ऐकत असे. तिला आधार नाही.

खाडीपलीकडे (डोंबिवली)

काका, फार उपयुक्त लिहिले आहे. एक शंका आहे. थर्मोस्टॅट ६० ऐवजी ४५ वर ठेवला तर वीज त्याच प्रमाणात वाचेल का? आमच्या शेजारच्या वहिनींनी तसे केले आहे.

जुना मीटर (नाशिक)

ताई, त्या प्रमाणात वाचणार नाही. ६० अंशांच्या पाण्यात विसण जास्त घालावे लागते आणि ४५ अंशांच्या पाण्यात कमी. बादलीत शेवटी ४० अंशांचे २० लिटर पाणीच तयार होते, आणि त्याला लागणारी उष्णता दोन्हीकडे सारखीच. फरक पडतो तो टाकीतून आणि पाइपातून निसटणाऱ्या उष्णतेत. ती बचत खरी आहे, पण लहान आहे.

शिवाय सतत चालू असलेल्या साठवणीच्या टाकीत पाणी ४५ अंशांच्या खाली रेंगाळत ठेवणे आरोग्याच्या दृष्टीने बरे नाही, कारण लिजनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात. आपण रोज तापवून रोज संपवत असाल तर ५५ वर ठेवावे. गीझर बरेच दिवस बंद राहिला असेल तर पहिल्यांदा ६० पर्यंत पूर्ण तापवून मगच पाणी वापरावे.

वहिनींना एक गोष्ट मात्र अवश्य सांगा. न्हाणीघरात किंवा बेसिनवर एकाच दांड्याचा नळ असेल आणि दांडा मधोमध राहत असेल, तर हात धुताना दर वेळी निम्मे पाणी गीझरमधून येते. हात धुवून होतात, गरम पाणी पाइपातच थांबते आणि निवते. तो दांडा कायम थंड बाजूला वळवून ठेवण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी.

पंचगंगा (कोल्हापूर)

आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे आणि तो रोज पेटतो. मधल्या नळकांड्यात वरून इंधन टाकायचे, खाली जाळीतून राख पडते, भोवतीच्या पाण्याला सगळीकडून धग लागते आणि तोटीतून गरम पाणी घ्यायचे, अशी त्याची रचना आहे. करवंट्या, नारळाच्या शेंड्या, शेतातली चिपाडे आणि छाटणीचा लाकूडफाटा एवढ्यावर आमच्या घरातील सात माणसांच्या आंघोळी होतात. इंधन घरचे असल्यामुळे खर्च शून्य आहे, असे मी खात्रीने म्हणू शकतो.

मात्र शहरातल्या कोणी हौसेने बंब आणून विकतचे लाकूड किंवा कोळसा जाळावा, असे मी सुचवणार नाही. वजनावर घेतलेले जळण, धुराचा शेजाऱ्यांना होणारा त्रास आणि बंबापाशी जाणारा वेळ धरला तर ते परवडत नाही. अंगण, घरचे जळण आणि वर मोकळे आकाश असेल तिथेच बंब शोभतो. तो घराच्या आत, बंद न्हाणीघरात कधीही पेटवू नये. वापरताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. तोटीतून जितके पाणी काढले तितके वरून लगेच ओतले पाहिजे. पाणी तळाला गेले आणि आत निखारे असले तर झाळलेले सांधे सुटतात आणि बंब गळू लागतो, मग कल्हईवाल्याला किंवा तांबटाला शोधत फिरावे लागते.

ज्यांच्याकडे चूल आहे त्यांनी वैलावरचे पातेले कधी रिकामे ठेवू नये. भाकऱ्या होईपर्यंत वैलावर एक हंडा पाणी आपोआप तापते, आणि त्या धगेसाठी वेगळे जळण लागत नाही.

पऱ्हाटी (यवतमाळ)

आमच्याकडे कापूस निघाल्यावर जळणाला पऱ्हाट्या आणि तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) असतातच, त्यामुळे खेड्यात हा प्रश्न नाही. यवतमाळ शहरात मात्र मी एवढेच करतो की थंडीत आंघोळ सकाळी सहाऐवजी दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी करतो, कारण माझे काम घरूनच चालते. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात तापते आणि संध्याकाळी नळाचे पाणी हाताला कोमट लागते. वरच्या सूत्राने पाहिले तर ८० लिटर पाणी आठ अंशांनी आधीच गरम मिळाले की पाऊण युनिट वाचते. ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान सुट्टीच्या दिवशी करून पाहावे. मार्चपासून जूनपर्यंत तर आमच्याकडे गीझरचे बटण कोणी शोधतही नाही.

खाडीपलीकडे (डोंबिवली)

आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला आहे आणि अनेकांनी गॅसचे गीझर बसवले आहेत. माझे यजमानही त्याच मताचे आहेत. ते खरोखर स्वस्त पडते का? आणि न्हाणीघरात बसवण्याची मला भीती वाटते, ती अनाठायी आहे का?

मुठाकाठ (पुणे)

ताई, खर्चाचा भाग मी काढून पाहिला आहे, तो देतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमधील गॅसची उष्णता विजेच्या सुमारे १८० युनिटांइतकी असते. गॅस गीझर त्यातली सुमारे ८० टक्के पाण्याला देतो असे धरले, तर १४४ युनिटांइतकी उष्णता उपयोगी पडते. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर एका उपयुक्त युनिटाला सव्वासहा रुपये पडतात. पाइपच्या गॅसच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १० युनिटांची उष्णता असते, त्यातली आठ युनिट पाण्याला मिळतील, म्हणून आपल्या गॅसबिलावरील घनमीटरच्या दराला आठने भागावे. तोही आकडा साधारण याच घरात येतो. शेगडीवर उघड्या पातेल्यात पाणी तापवले तर कडेने बरीच धग वाया जाते, त्यामुळे त्याच गॅसचे आठ रुपयांच्या आसपास पडतात.

म्हणून माझा निष्कर्ष असा की ज्या घराचा वीजवापर १०० युनिटांच्या पुढे गेलेला आहे त्याला गॅसचे पाणी जवळजवळ निम्म्या खर्चात पडते. ज्याचा सगळा वापर गीझरसह १०० युनिटांच्या आतच राहतो त्याला गॅस गीझर घेऊन हाती विशेष काही लागणार नाही, कारण पहिल्या टप्प्याचा वीजदर बराच कमी आहे. एकट्या-दुकट्या राहणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावे. सुरक्षिततेविषयी जाणकारांनी लिहावे.

आरोग्यसेवक (सांगली)

ताईंची भीती अजिबात अनाठायी नाही, आणि खर्चाच्या चर्चेत ही गोष्ट मागे पडू नये म्हणून कळकळीने लिहीत आहे. गॅस जळायला हवा लागते. दार-खिडकी बंद असलेल्या लहान न्हाणीघरात गीझर पेटला की आतला प्राणवायू थोड्याच वेळात कमी होतो, ज्योत अपुरी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. आपण सिलिंडरच्या गॅसचा जो उग्र वास ओळखतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, पण इथे गॅस गळत नसतो, तो जळत असतो, त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही. डोके जड होते, चक्कर येते, मळमळते, हातापायांतली शक्ती जाते आणि कडी काढण्याआधीच माणूस कोसळतो. न्हाणीघरात गॅस गीझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात येतात आणि त्यांत तरुण, धडधाकट माणसे असतात.

तेव्हा गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवावा आणि केवळ गरम पाण्याचा पाइप आत आणावा. धूर बाहेर नेणारी नळी लावावी. तशी जागाच नसेल तर गॅस गीझर घेऊ नये. आत बसवून वर एक झरोका ठेवला की झाले, असे बसवणारे सांगतात, पण थंडीत तोच झरोका कोणीतरी पुठ्ठ्याने बंद करतो. बादल्या आधी भरून गीझर बंद करून मग आंघोळीला बसणे हा मार्गही काही जण पाळतात. तो सतत चालू ठेवून शॉवर घेण्यापेक्षा बरा असला, तरी आत बसवलेल्या गीझरला पर्याय म्हणून मी तो मान्य करणार नाही.

खाडीपलीकडे (डोंबिवली)

मनापासून आभार. आमच्या न्हाणीघराला बाहेरची भिंत नाही, केवळ डक्ट आहे. त्यामुळे हा विषय आमच्यासाठी संपला, आणि यजमानांनाही आपला प्रतिसाद वाचून दाखवला आहे. आता विजेच्याच छोट्या गीझरचा विचार करते.

जुना मीटर (नाशिक)

ताई, तीन लिटरचा ३००० वॉटचा गीझर बादलीने आंघोळ करणाऱ्यांना चांगला, कारण त्याच्या टाकीत मागे काही उरत नाही. त्याची मर्यादाही ध्यानात घ्या. पाणी २० अंशांनी तापवायचे असेल तर तो मिनिटाला दोन लिटरांहून थोडेच जास्त पाणी देऊ शकतो, म्हणजे बादली भरायला नऊ मिनिटे लागतील. नळ जास्त सोडला तर पाणी कोमटच येईल. डोंबिवलीत हिवाळा सौम्य असतो, तिथे पाणी १२-१५ अंशांनी तापवले तरी भागते, म्हणून चालेल. नाशिकच्या जानेवारीत आम्हाला तो पुरला नसता. त्याच्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आवश्यक आहे. बादलीत सोडायच्या रॉडलाही हेच लागू. रॉड वीज वाया घालवत नाही, पण बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

सोलापूरकर

गीझरमधल्या क्षारांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे आणि हा रोजचा विषय आहे. एलिमेंटवर पांढरा थर चढला की वीज दुप्पट लागते असे दुरुस्तीवाले सांगतात. काकांनी वर म्हटल्याप्रमाणे एलिमेंट पाण्यातच असल्यामुळे उष्णता शेवटी पाण्यातच जाते, म्हणून युनिटांत तितका फरक पडत नाही. खर्च येतो तो निराळ्या वाटेने. थराखाली एलिमेंट प्रमाणाबाहेर तापून जळते, टाकीच्या तळाशी चुनखडीसारखा गाळ साचून पाण्याची जागा कमी होते, आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा दांडा लवकर झिजतो. आम्ही दरवर्षी दिवाळीच्या आधी गीझर उघडून घेतो. तेव्हा तो दांडा बोटाएवढा राहिला आहे की नुसती तार उरली आहे, हे स्वतः पाहावे आणि तार उरली असेल तर लगेच बदलून घ्यावा. दांडा स्वस्त आहे, टाकी महाग आहे.

गॅस गीझरला मात्र क्षारांमुळे इंधनही जास्त लागते, कारण तिथे ज्योतीची उष्णता तांब्याच्या नळीतून पाण्यात जायची असते, आणि आत थर बसला की ती धुराबरोबर बाहेर निघून जाते.

सौर संच घेतानाही पाणी पाहूनच प्रकार निवडावा. सपाट पत्र्याच्या संचात तांब्याच्या बारीक नळ्या असतात आणि जड पाण्याने त्या तुंबतात. काचेच्या नळ्यांच्या संचात जागा जास्त असते आणि नळी काढून धुता येते, म्हणून सोलापूर, लातूर, धाराशिव या भागांत त्याच जास्त दिसतात. मात्र भर दुपारी संच कोरडा पडलेला असताना त्यात एकदम थंड पाणी सोडू नये, तापलेली काच तडकते. ज्या गावात पाणी चार-पाच दिवसांआड येते तिथे संचाला पाणी पुरवणारी टाकी कधीही रिकामी होणार नाही, अशी तजवीज आधी करावी लागते.

सोसायटी सचिव (पिंपरी-चिंचवड)

आमच्या इमारतीवर सामाईक सौर संच आहे आणि त्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात, म्हणून मूळ धागाकर्त्यांना काही व्यवहारातले सांगतो. गच्चीवर पाणी उत्तम तापते. तक्रार असते ती ते घरात पोहोचण्याची. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपाच्या एका मीटरमध्ये सुमारे पाव लिटर पाणी मावते. टाकीपासून खालच्या मजल्यावरच्या नळापर्यंत २४ मीटर पाइप असेल तर गरम पाणी येण्यापूर्वी सहा लिटर थंड पाणी वाहून जाते. नळ बंद केल्यावर तेवढेच गरम पाणी पाइपात अडकून निवते. थांबून थांबून चार आंघोळी झाल्या तर हे चार वेळा घडते, आणि खालच्या मजल्यावरची मंडळी कंटाळून पुन्हा गीझर लावतात. मग संचाचा खर्चही झाला आणि बिलही तसेच राहिले.

यावर आम्ही गच्चीवरच्या आणि शाफ्टमधल्या गरम पाण्याच्या पाइपांना काळ्या रबरी फोमचे आवरण घातले आणि रहिवाशांना दोन विनंत्या केल्या. एक म्हणजे घरातल्या आंघोळी शक्यतो पाठोपाठ कराव्यात. दुसरी म्हणजे सुरुवातीचे थंड पाणी बादलीत धरून तेच विसणाला वापरावे. या दुसऱ्या विनंतीला महिलावर्गाने लगेच प्रतिसाद दिला, कारण पाणी वाया जाताना त्यांनाच जास्त खटकत होते. ज्यांच्या वरच्या मजल्यावर स्वतःची गच्ची आहे त्यांना पाइप तोकडा लागतो, आणि सौर संचाचा खरा लाभ त्यांनाच मिळतो.

पावसाळ्याचे महिने सौर संचाच्या हिशेबातून वगळूनच ठेवावेत. संचाचे तोंड दक्षिणेकडे आणि कल अक्षांशापेक्षा थोडा जास्त ठेवला तर हिवाळ्यातले तिरपे ऊन चांगले मिळते. आणखी एक घोटाळा आमच्या सभेत झाला होता. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान वीज तयार करणाऱ्या सौर पॅनेलांसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या संचासाठी नाही. विक्रेत्याने अनुदानाचे नाव काढले तर कोणत्या वस्तूला, हे लेखी विचारावे. मिळकतकरातली सवलत हा वेगळा विषय आहे. पुण्यासारख्या काही महापालिका सौर संचासाठी ती देतात, म्हणून आपल्या महापालिकेत चौकशी करावी.

मुठाकाठ (पुणे)

सर्वांचे आभार. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि वर लगेच गच्ची आहे, त्यामुळे पाइपाचा प्रश्न आमच्यापुरता सौम्य आहे. वर्षभरातली गरज हिवाळ्याइतकी नसते, म्हणून मी वर्षाला ४५० युनिट सौर संचावर वाचतील असे धरले. १२ रुपयांच्या दराने वर्षाला ५,४०० रुपये होतात. ३०,००० रुपयांचे दरपत्रक आले तर साडेपाच वर्षांत पैसे फिटतात, आणि संच त्याहून बराच अधिक काळ टिकतो. पण घरातला वीजवापर पहिल्याच टप्प्यात असता तर हाच काळ जवळजवळ दुप्पट झाला असता. म्हणून शेजाऱ्याने बसवला एवढ्यावरून कोणी निर्णय घेऊ नये, स्वतःच्या बिलावरचा टप्पा आधी पाहावा, असे मला वाटते.

सोसायटीची परवानगी मिळेपर्यंत शेवटच्या आंघोळीआधी गीझर बंद करण्याचा नियम घरात आजपासून लागू केला आहे. शॉवरखाली एक मिनिट बादली धरून पाहिली तर नऊ लिटर पाणी जमले. आठ मिनिटांच्या शॉवरला ७२ लिटर लागतात, म्हणजे साडेतीन बादल्यांहून जास्त. मुलाला हा आकडा दाखवला आहे. तो आठवड्याचे पाच दिवस बादलीने आंघोळ करायला तयार झाला आहे.

जुना मीटर काका, एक शेवटचा प्रश्न. आमच्याकडे नवा स्मार्ट मीटर बसला आहे आणि दिवसा वापरलेल्या विजेला सवलत मिळते असे समजते. मग पाणी दुपारी तापवून दुसऱ्या दिवशी सकाळी वापरावे का?

जुना मीटर (नाशिक)

ती सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर आहे आणि ती बिलावर वेगळी दाखवली जाते. दुपारी चारला तापवलेले पाणी सकाळी सहाला वापरायचे म्हणजे मध्ये १४ तास जातात. वरच्या उदाहरणातल्या टाकीतून तेवढ्या वेळात तीस टक्क्यांच्या आसपास उष्णता निघून जाईल. प्रतियुनिट सवलत आपल्या पूर्ण दराच्या तीस टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा त्यात तोटाच आहे. नऊनंतर आंघोळ करणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आणि गरम पाण्याने कपडे धुण्यासाठी मात्र सवलतीची वेळ अवश्य पाळावी. आपला मुलगा सुट्टीच्या दिवशी नऊच्या आधी उठत नसेल, तर त्याला त्या दिवशी उठवू नका.